‘डिवचलं की पसरतो’ : एका भीतीची तपासणी



या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर, सीमाभागाच्या इतिहासावर मोठी माणसं बोलून गेली. तिथे माझ्यासारख्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला का उभं केलं, असं तुम्हाला वाटलं तर त्यात काही चूक नाही. चिटणीसांनी विषय निवडायची मोकळीक दिली, तेव्हा एखादा सोयीचा विषय सांगून सुटता आलं असतं. पण गेली तीस वर्षं एक वाक्य माझ्या मागे लागलेलं आहे. तुम्हीही ते ऐकलं असणार, कदाचित बोललाही असाल : “कॅन्सरला डिवचू नये. डिवचलं की पसरतो.” आज त्याच वाक्याची तपासणी करायची आहे, आणि तीही ज्या अवयवाचं नाव आपण चारचौघांत घेत नाही त्याच्या बाबतीत, म्हणजे बाईच्या गर्भपिशवीच्या बाबतीत.

साधारण तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बेळगावच्या जुन्या पेठेत माझा दवाखाना होता. ओळखीतल्या एक काकू आल्या. वय अठ्ठावन्नच्या आसपास. घर मराठी, चार पिढ्या इथेच काढलेलं. पाळी जाऊन सात वर्षं झालेली आणि दोन महिन्यांपासून अंगावरून पुन्हा लाल जात होतं. फार नाही, कधी डाग, कधी दोन दिवस. त्या आधी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना दाखवून आल्या होत्या. बाईंनी क्युरेटिंग करून तुकडा तपासायला पाठवू म्हणून सांगितलं होतं. काकू मला म्हणाल्या, “डॉक्टर, तेवढं क्युरेटिंग नको. आमच्या धाकट्या जाऊबाईंचं केलं आणि चार महिन्यांत सगळ्या पोटात पसरलं. तुम्ही गोळ्या द्या. माझा विश्वास आहे तुमच्यावर.”

बी.एच.एम.एस.ला स्त्रीरोगशास्त्र मी शिकलो होतो. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं, तर कॅन्सर नाही असं सिद्ध होईपर्यंत तो आहे असं धरून चालायचं, हे परीक्षेत लिहूनही आलो होतो. तरी मी गप्प बसलो. काकूंचा विश्वास मला गोड वाटला, हे खरं कारण. आणि डिवचल्यानं पसरत नाही हे मलाही खात्रीनं माहीत नव्हतं, हे दुसरं. गोळ्या दिल्या. महिन्याभरात रक्त थांबलं. काकूंनी पेढे आणले. या रोगात रक्त आपलं आपण थांबतं आणि आपलं आपण पुन्हा सुरू होतं, हे मी विसरलो होतो. तीन महिन्यांनी ते आलं. मी औषध बदललं. असे नऊ महिने गेले. शेवटी तपासणी झाली तेव्हा रोग पिशवीची भिंत ओलांडून बाहेर गेला होता. पुढे दीड वर्षानं काकू गेल्या.

नऊ महिने आधी तपासलं असतं तर त्या वाचल्याच असत्या, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण एक संधी होती आणि ती माझ्यामुळे गेली. आमच्याकडे दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीच्या दिवशी ज्याचा अपराध घडला असेल त्याची क्षमा मागायची असते. त्या वर्षी मी काकूंच्या मुलाकडे गेलो. त्यानं चहा दिला आणि एवढंच विचारलं, “डॉक्टर, काकीचं खरंच क्युरेटिंगमुळे पसरलं होतं का हो?” मला उत्तर देता आलं नाही. आजचं हे बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं फार उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

आधी ‘डिवचणं’ म्हणजे नेमकं काय, ते पाहू. गर्भपिशवीला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला तेच पाळीतून बाहेर पडतं. पाळी गेल्यावर ते पातळ होऊन राहतं. पिशवीचा जो कॅन्सर मी म्हणतो आहे तो या अस्तराचा. अस्तर तपासायच्या मुख्य पद्धती तीन. पहिली क्युरेटिंग : भूल देऊन, पिशवीचं तोंड थोडं उघडून अस्तर खरवडून काढायचं. ही जुनी पद्धत. यात आतलं डोळ्यांना दिसत नाही, हाताच्या अंदाजानं करावं लागतं. दुसरी पायपेल : सुमारे तीन मिलिमीटर जाडीची मऊ प्लॅस्टिकची नळी आत सरकवून अस्तराचा नमुना ओढून घ्यायचा. बहुतेकदा भूल लागत नाही, दवाखान्यातच होतं. पोटात कळ येते, ती थोड्या वेळानं जाते. तिसरी दुर्बीण : पिशवीत सलाईनचं पाणी सोडून ती फुगवायची, आत कॅमेरा घालून पाहायचं आणि संशयाच्या जागेचाच तुकडा घ्यायचा. ही कल्पना फार जुनी आहे. १८६९ साली पँटालिओनी नावाच्या डॉक्टरांनी साठीतल्या एका बाईच्या पिशवीत नळीतून पाहिलं होतं. तिची तक्रारही हीच होती, थांबत नसलेलं रक्त. आत त्यांना मांसाचा कोंब, म्हणजे पॉलिप दिसला.

आता मुख्य प्रश्न. यातून कॅन्सरच्या पेशी इकडेतिकडे जातात का? आम्हा जैनांच्या घरी लहानपणापासून अनेकांतवाद कानावर पडतो. एकाच गोष्टीला अनेक अंगं असतात आणि एकच अंग पकडून भांडू नये, एवढा त्याचा घरगुती अर्थ. या प्रश्नालाही दोन अंगं आहेत आणि दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

पहिलं अंग : हो, पेशी जाऊ शकतात. पिशवीच्या वरच्या बाजूला दोन नळ्या असतात आणि त्या पोटाच्या पोकळीत उघडतात. दुर्बिणीसाठी सोडलेलं पाणी त्या नळ्यांतून थोडं पलीकडे जाऊ शकतं आणि सोबत पेशी नेऊ शकतं. अस्तराचा कॅन्सर असलेल्या ज्या बायकांची आधी दुर्बिणीनं तपासणी झाली होती, त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी पोटातल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी जास्त वेळा सापडल्या. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावरही हेच दिसलं. म्हणजे आपली आजी अगदीच खोटं बोलत नव्हती.

दुसरं अंग : पेशी पलीकडे गेल्या म्हणजे रोग पलीकडे रुजला, असं नाही. त्याच अभ्यासांत पुढचा प्रश्न विचारला गेला. दुर्बिणीची तपासणी झालेल्या बायका लवकर दगावल्या का? त्यांचा रोग जास्त वेळा उलटला का? तसा फरक दिसून आलेला नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांची ‘फिगो’ नावाची आंतरराष्ट्रीय संघटना या कॅन्सरच्या पायऱ्या ठरवते. १९८८ च्या नियमात पोटातल्या पाण्यात पेशी सापडल्या की रोग थेट तिसऱ्या पायरीवर धरत. २००९ साली तो नियम काढून टाकला. पेशी सापडल्याची नोंद वेगळी करायची, पण तेवढ्यावरून पायरी वाढवायची नाही असं ठरलं. ही मंडळी स्वभावानं सावध असतात. विचार केल्याशिवाय असा नियम बदलत नाहीत.

पेशी का रुजत नाहीत, हे शेतीभातीशी नातं असलेल्या आपल्या घरांना सहज कळेल. १८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेट या सर्जनांनी स्तनाच्या कॅन्सरनं मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग शरीरात कसाही, कुठेही पसरत नव्हता; काही ठरावीक अवयवांतच वारंवार जात होता. त्यांनी मांडलं की पेशी म्हणजे बी, आणि बी वाऱ्यानं सगळीकडे उडालं तरी जिथे जमीन मानवते तिथेच उगवतं. १९७० साली फिडलर या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या रक्तात खुणा केलेल्या कॅन्सरपेशी सोडल्या. चोवीस तासांनंतर शंभरात एकसुद्धा जेमतेम जिवंत होती, आणि त्यातून गाठ धरणाऱ्या हजारात एकाहून कमी. घर सोडून बाहेर पडलेल्या पेशीला टेकायला जागा हवी, रक्ताचा पुरवठा हवा, शिवाय शरीराच्या पहारेकऱ्यांना चुकवायला हवं. बहुतेकींना ते जमत नाही.

आणखी एक गोष्ट ऐकून अनेक भगिनींना आश्चर्य वाटेल. पाळीच्या दिवसांत अस्तराच्या पेशी सगळ्याच खाली येत नाहीत. काही नळ्यांतून उलट्या पोटात जातात. नळ्या मोकळ्या असलेल्या दहापैकी नऊ बायकांत असं घडतं. म्हणजे तारुण्यभर हे बी दर महिन्याला पलीकडे पडतच असतं. काहींच्यात ते रुजतंही; त्या दुखण्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात आणि ते सुमारे दहात एकीला होतं. तो कॅन्सर नाही. पण पडणं वेगळं आणि रुजणं वेगळं, हे त्यावरून ध्यानात यावं.

आता भीती जिथे खरी आहे ती ठिकाणंही सांगितली पाहिजेत. नाहीतर मी एक अर्धसत्य काढून दुसरं बसवलं असं होईल. अंडाशयाची गाठ कॅन्सरची असेल असा संशय असेल तर तिच्यात सुई खुपसून पाणी काढत नाहीत. गाठ फुटली तर रोगाची पायरी बदलते, म्हणून ती शक्यतो अख्खी काढतात. यकृताच्या गाठीत सुई घातल्यावर सुईच्या वाटेत रोग रुजल्याची उदाहरणं आहेत. थोडी आहेत, पण आहेत. आणि सर्वांत मोठा धडा अमेरिकेतून आला. पिशवीतल्या फायब्रॉईडच्या गाठी लहान छिद्रातून बाहेर काढता याव्यात म्हणून पोटाच्या आतच यंत्रानं त्यांचे बारीक तुकडे करायची पद्धत रूढ झाली होती. काही बायकांत ती गाठ साधी नव्हती, सार्कोमा निघाली, आणि यंत्रानं तो रोग पोटभर उडवला. २०१४ च्या एप्रिलमध्ये तिथल्या एफडीए या सरकारी संस्थेनं इशारा दिला. फायब्रॉईड समजून ऑपरेशन केलेल्या सुमारे ३५० बायकांत एकीला असा दडलेला सार्कोमा असू शकतो, असा त्यांचा अंदाज होता.

तर मग पायपेल आणि क्युरेटिंगमध्ये वेगळं काय? या तपासण्यांत नळी निसर्गानं दिलेल्या वाटेनं आत जाते आणि त्याच वाटेनं बाहेर येते. पोट, आतडं, कातडी असं काही भेदून जात नाही. शिवाय नमुना अगदी थोडा असतो. आणि रोग निघालाच तर पुढच्या ऑपरेशनमध्ये पिशवी नळ्यांसकट बहुधा काढलीच जाते. गाठ आतल्या आत दळणं आणि तिच्या दारात जाऊन चिमूटभर नमुना घेणं, या दोन गोष्टींना आपण ‘डिवचणं’ हा एकच शब्द वापरतो. गोंधळ तिथून सुरू होतो.

तपासणीचे धोके अजिबात नाहीत असं नाही. पिशवीला छिद्र पडणं, जंतुसंसर्ग होणं, दुखणं हे प्रकार क्वचित होतात. अस्तराच्या कॅन्सरचा एक जहाल प्रकार असतो. तो स्वभावतःच नळ्यांच्या वाटेनं पोटात पसरतो. त्यात दुर्बिणीच्या पाण्याबद्दल तज्ज्ञ अजून जास्त काळजी घेतात. म्हणून कॅन्सरचा दाट संशय असेल तर आधी पायपेल आणि दुर्बीण लागलीच तर पाण्याचा दाब कमीत कमी, ही रीत चांगली. हे मागायचा हक्क तुम्हाला आहे.

आता काकूंच्या जाऊबाईंचं काय झालं असेल? त्यांची फाईल मी पाहिलेली नाही. पण चार महिन्यांत सगळं पोट भरलं, याचा सरळ अर्थ असा की तपासणीच्या वेळी रोग बहुधा आधीच बाहेर पडलेला होता. घरच्यांना तो कळला तपासणीनंतर. अंधाऱ्या खोलीत दिवा लावल्यावर विंचू दिसला, तर दिव्यानं विंचू आणला असं आपण म्हणत नाही. कॅन्सरच्या बाबतीत मात्र हमखास म्हणतो. त्यामागे दुःख असतं. कुणाला तरी बोल लावल्याशिवाय मनाची समजूत पटत नाही. पण तो बोल पुढच्या सुनेला, मुलीला, जावेला आंधळं करून जातो, एवढं ध्यानात ठेवा.

उलट बाजूचा हिशोब पाहा. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलेल्या १०० बायका तपासल्या तर सुमारे ९ जणींत कॅन्सर निघतो. म्हणजे ९१ जणींना तपासणीतून मिळते ती शांत झोप. आणि ज्यांना हा कॅन्सर आहे अशा दहापैकी नऊ जणींना रक्ताची खूण मिळालेली असते. इतका प्रामाणिकपणे दार ठोठावून येणारा कॅन्सर दुसरा क्वचितच असेल. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे रोग पिशवीतच असताना सापडला तर १०० पैकी सुमारे ९५ जणी पाच वर्षांनी हयात असतात. दूर पसरल्यावर सापडला तर हा आकडा विसाच्या आसपास येतो. नळीतून सांडलेल्या पेशींची भीती एका पारड्यात आणि हा फरक दुसऱ्या पारड्यात टाका, मग ठरवा.

आपल्या भाषेतलं एक उदाहरण देतो, मात्र ते पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं आहे. तो आपल्याकडे जास्त आढळतो. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचं कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा यांनी इतरांसोबत मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. ज्यांची तपासणी सदोष आली त्यांचं तोंड भिंगातून पाहिलं, गरज पडली तिथे तुकडा घेतला आणि उपचार केले. २००९ साली निष्कर्ष छापून आले. एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू, नेहमीप्रमाणे चाललेल्या गटाच्या मानानं जवळपास निम्म्यावर आले. खेड्यापाड्यांतल्या, शेतात राबणाऱ्या आपल्याच मराठी बायका होत्या त्या.

हे साहित्याचं मंडळ आहे, म्हणून शब्दांबद्दल थोडं बोलतो. माझ्याकडे येणाऱ्या बायका काय म्हणतात? “अडचण आहे.” “जरा त्रास होतोय.” “अंगावर जातंय.” पाणी की रक्त, हे तिसऱ्यांदा विचारल्यावर कळतं. ‘पिशवी साफ करणं’ हा शब्द आपण गर्भ पडल्यावरच्या क्युरेटिंगलाही वापरतो. मग साठीची बाई लाजून म्हणते, “या वयात पिशवी साफ करायची? लोक काय म्हणतील?” बेळगावात आणखी एक गंमत असते. कागद इंग्रजीत, सिस्टर कन्नडमधून समजावते, बाई मराठीतून ऐकते आणि सही करतो मुलगा. त्या बाईला काय करणार आहेत हे कोणत्याच भाषेत नीट पोचत नाही. मग पोकळी भरायला ते एकच ठसठशीत वाक्य येतं : डिवचलं की पसरतो. इतकं सोपं वाक्य हटवायचं तर तितकंच सोपं दुसरं वाक्य हवं. मी माझ्या पुरतं केलंय : “पाळी गेल्यावर एक थेंबही रक्त दिसलं, तर तपासल्याशिवाय औषध नाही.” माझ्या दवाखान्यात हा नियम आहे. गोळ्या मागाहून.

घरी गेल्यावर उपयोगी पडतील असे प्रश्न लिहून ठेवा. सोनोग्राफीत अस्तर किती मिलिमीटर आहे? पाळी गेलेल्या बाईत ते चार किंवा कमी असेल तर कॅन्सरची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. पण रक्त येतच राहिलं तर नमुना घ्यावाच लागतो. पायपेलनं काम होईल का? दुर्बीण असेल तर पाण्याचा दाब कमी ठेवणार ना? काढलेलं सगळं पॅथॉलॉजीला जाणार ना? आणि रिपोर्ट चांगला आला तरी रक्त पुन्हा दिसलं, तर पुढे काय? पायपेल अस्तराच्या थोड्याच भागातला नमुना घेते, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न विसरू नका. वजन आणि मधुमेह असलेल्या बायकांनी जास्तच जागरूक राहावं.

सहा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या अक्काला पाळी जाऊन पंधरा वर्षांनी डाग दिसला. तिनं तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. मग मला म्हणाली, “तू डॉक्टर ना रे? तूच काहीतरी दे. आत लोखंड गेलं की भडकतं म्हणतात.” मी म्हटलं, “अक्का, मी काही देणार नाही. उद्या तुझ्याबरोबर येतो.” ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रिक्षात बसली. पायपेल झाली, मग दुर्बीण झाली. पॉलिप निघाला, साधा. रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस मात्र मला झोप नव्हती. त्या आठ रात्री मला काकूच आठवत होत्या.

या सभागृहात आज ज्यांच्या घरी आई आहे, आजी आहे, मावशी आहे, त्यांनी घरी जाऊन एवढं विचारा : “पाळी गेल्यानंतर कधी काही दिसलं का गं?” उत्तर मिळायला वेळ लागेल. शेजारी बसून राहा.

काकूंच्या मुलाला मी हे छापील व्याख्यान नेऊन देणार आहे.  माझ्या बोलण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी.